हवेला दोन दारे हवीत

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर कसा लावावा, हे कोणाला शिकवावे लागत नाही. कूलर खिडकीत बसवायचा, त्याची पाठ बाहेरच्या हवेकडे ठेवायची आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवायची. सगळे बंद करून बसले की अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि कूलर नुसता आवाज करीत राहतो. आत आलेली हवा बाहेर गेल्याशिवाय नवी हवा आत येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. मात्र त्याच खोलीत टेबलावर किंवा टेबलाखाली जो संगणक ठेवलेला असतो, त्याच्या पेटीलाही हाच नियम लागू आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

पूर्वी संगणक म्हणजे बंद काचेच्या, थंड खोलीत ठेवायची वस्तू होती. १९९० च्या दशकात संगणकाच्या वर्गात जायचे तर चपला बाहेर काढाव्या लागत. आज तोच संगणक आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली काम करतो. कोणाच्या घरी त्यावर मुले परीक्षेचा अभ्यास करतात, कोणी हिशेब लिहितो, कोणी लग्नाच्या फिल्मची जुळणी करतो. म्हणजे हे यंत्र आता शोभेचे राहिलेले नाही, अनेक घरांची चूल त्यावर पेटते. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर मांडावासा वाटतो.

आम्ही उत्तर नागपुरात राहतो. आम्हा दोघांपैकी एक जण प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला, दुसरीने पंचवीस वर्षे शिलाई मशीन चालवून घराला हातभार लावलेला. आमची लेक वास्तुशास्त्र शिकली. अजून न बांधलेले घर संगणकावर उभे करायचे, त्यात ऊन-सावली भरायची आणि त्या घरातून फिरून आल्यासारखी छोटी फिल्म तयार करायची, असे तिचे काम आहे. त्याला रेंडरिंग म्हणतात. यात संगणकाला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबावे लागते. तिचा संगणक आम्ही एका दुकानातून जुळवून घेतला होता. समोर काळी काच, आत रंगीत दिवे लागणारे तीन पंखे, असे देखणे कॅबिनेट दुकानदाराने पसंत करून दिले.

डिसेंबर-जानेवारीत यंत्र छान चालले. एप्रिल सरता सरता ते रखडू लागले. पाच तासांत होणारी फिल्म साडेसहा तास घेऊ लागली. मे महिन्यात एका बांधकाम व्यावसायिकाला द्यायचे काम एक दिवस उशिरा गेले आणि पुढच्या कामाविषयी त्याने बोलणे थांबवले. दुकानात विचारले तर उत्तर आले, “ऊन आहे ना ताई, त्याला काय करणार? लिक्विड कूलर टाका, नाहीतर खोलीला एसी लावा.” दोन्हींचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. धाकट्याच्या फीसाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी काय, अशी बोलणी घरात सुरू झाली.

तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, पैसे नंतर पाहू. आधी हे गरम का होऊन राहिलं ते पाहू.”

शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अवो, मशीन खोलून राहिली का पोरगी? बिघडली म्हणजे? हे काम पोरीचं आहे का?” यावर लेकीच्या आईने दिलेले उत्तर आम्हाला आजही मोलाचे वाटते. ती म्हणाली, “काकू, पंचवीस वर्षं माझी मशीन मीच खोलली, मीच तेल दिलं, शटल मीच साफ केलं. ज्या मशीनवर पोट आहे तिच्या आत काय आहे हे मला माहीत नको? मग तिला कशाला नको?”

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संगणकात जेवढी वीज जाते ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. आमच्या लेकीचे यंत्र पूर्ण कामाला लागले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून सुमारे ३०० वॅट खातात. म्हणजे एका बंद पेटीत तीन १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब रात्रभर जळत ठेवल्यासारखे झाले. ही उष्णता हवेनेच वाहून न्यायची असते. हिशेब सोपा आहे. पेटीतून जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर ३०० वॅटसाठी सेकंदाला साधारण २५ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. तासाला ही हवा ९० घनमीटर होते. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा तासात अडीच वेळा त्या पेटीतून जाण्याइतकी ती आहे. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या जागेत जवळपास एवढी हवा ढकलू शकतो. पण पुढे काच, जाळी, वायरींचा गुंता आला की त्याची हवा बरीच कमी होते. म्हणून पंखे किती, हा प्रश्न नंतरचा. हवेला वाट आहे काय, हा पहिला.

दुसरी गोष्ट अशी की, कोणताही पंखा खोलीच्या तापमानाखाली यंत्राला नेऊ शकत नाही. पंखा थंडी निर्माण करीत नाही, तो फक्त उष्णता उचलून नेतो. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतात. जानेवारीत खोली २० अंशांवर असते तेव्हा त्या मर्यादेपर्यंत ७५-८० अंशांचे अंतर असते. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की ते ६० वर येते. म्हणून दुकानदाराचे बोलणे अर्धे खरे होते. ऊन आपल्या हातात नाही. पण पेटीतल्या हवेची कोंडी ऊन करीत नाही, ती आपण सोडवू शकतो. उन्हाळ्यात तर तिथला एकेक अंश मोलाचा असतो.

कोंडी पेटीतच आहे की दुसरीकडे, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. ती प्रत्येकाने करून पाहावी. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम संगणकात टाकायचा. यंत्राला अर्धा तास जड काम द्यायचे आणि आकडा वहीत लिहायचा. मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवायची आणि तेच काम पुन्हा अर्धा तास द्यायचे. आकडा फार उतरला नाही, तर दोष प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या बसणीत, त्याच्यावर साचलेल्या धुळीत किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधावा. आकडा चांगलाच उतरला, तर समजावे की पेटीतली हवा खेळत नाही. आमच्या भिंतीवरचा तापमापक ३७ दाखवत होता. झडप बंद असताना प्रोसेसर ९७ वर होता, उघडल्यावर ८५ वर आला. बारा अंशांचा फरक पडला, तोही एक पैसा न खर्चता. लिक्विड कूलरची गरज नव्हती, हे तिथेच कळले.

मग झडप उघडीच का ठेवू नये? अनेक घरी तसेच करतात, वर टेबलफॅनही लावतात. तात्पुरते ते चालते. पण नागपूरची धूळ सरळ आत बसते, घरात लहान मूल असेल तर बोट जाण्याचा धोका, आणि समोरून मागे जाणारा हवेचा झोतही फुटून जातो. पेटी बंद ठेवूनच वाट करणे बरे.

लेकीने आत पाहिले. तिन्ही पंखे समोर, हवा आत ओढणारे. त्यांच्यापुढे बंद काच, हवा यायला फक्त काठाने बोटभर फट. मागे प्रोसेसरच्या पातळीवर पंख्यासाठी जागा आणि जाळी होती, पण ती रिकामी. म्हणजे आत येणारे दार अरुंद, आणि बाहेर जाणाऱ्या दारावर कोणी ढकलणारा नाही. ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा प्रोसेसरभोवतीच फिरत होती आणि तीच गरम हवा हीटसिंक पुन्हा ओढत होता.

पंखा कोणत्या बाजूने हवा ओढतो आणि कोणत्या बाजूने फेकतो, हे आधी ओळखले पाहिजे. सर्वसाधारण पंख्याची एक बाजू मोकळी असते आणि दुसऱ्या बाजूला मोटारीला धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात. मोकळ्या बाजूने हवा आत जाते, दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर दोन बाण कोरलेले असतात, एक पाती कोठे फिरतात त्याचा आणि दुसरा हवा कोठे जाते त्याचा. अलीकडे दिसायला सुंदर म्हणून उलट्या पात्यांचेही पंखे निघाले आहेत, त्यांच्यात हे उलटे असते. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. पातळ कागदाची पट्टी पंख्याजवळ धरावी. पट्टी चिकटली तर पंखा हवा ओढतो आहे, फडफडली तर फेकतो आहे. पट्टी कधी खोटे बोलत नाही.

मग कामाला सुरुवात झाली. यंत्र बंद केले, भिंतीतली पिन काढली, नंतर चालू करायचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श केला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. समोरच्या तीन पंख्यांपैकी सर्वांत वरचा काढून मागच्या रिकाम्या जागी बसवला, दांड्या बाहेरच्या बाजूला करून. म्हणजे आता दोन पंखे हवा आत घेणारे, एक बाहेर फेकणारा. समोरची काच चापांवर बसवलेली होती, ती काढून ठेवली आणि तिच्या जागी बारीक नायलॉनची जाळी ताणून लावली. वायरी मदरबोर्डच्या मागच्या पोकळीत नेऊन बांधल्या, म्हणजे समोरच्या हवेच्या आड काही राहिले नाही. चार स्क्रू, एक जाळी आणि दीड तास एवढाच खर्च झाला.

पुन्हा अर्धा तास जड काम दिले. झडप बंद, खोली ३७ वरच. आकडा ८३ वर थांबला. साडेसहा तास घेणारी फिल्म त्या रात्री पाच तासांत पूर्ण झाली. काकू दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी मागच्या जाळीशी हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं माय, चुलीवानी गरम हवा निघून राहिली!” ती निघते आहे, म्हणूनच आत राहत नाही, हे लेकीने त्यांना समजावून सांगितले.

यात कोणता चमत्कार नाही. समोरून खालच्या बाजूने आत, मागून वरच्या बाजूने बाहेर, हीच वाट बहुतेक उभ्या कॅबिनेटना सोयीची असते. गरम हवा वर चढते हे खरे, पण एवढ्याशा पेटीत तो जोर फार थोडा. पंखा तिला खालीही सहज नेतो. म्हणून निसर्ग आपोआप पाहून घेईल असे समजू नये, पंख्याची दिशाच निर्णायक असते. वरच्या बाजूला पंखा लावायचा असेल तर मागच्या कोपऱ्याजवळ, बाहेर फेकणारा लावावा. वरच्या पुढच्या कोपऱ्यात फेकणारा पंखा लावला तर तो समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर टाकतो. आणि सगळेच पंखे आत घेणारे किंवा सगळेच बाहेर फेकणारे लावले तर एकाच बाजूला जोर आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या फटी उरतात.

आमच्याकडे धूळ फार, म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. मग पेटीत किंचित दाब राहतो, फटींमधून हवा बाहेर निघते आणि आत येणारी हवा जाळीतून गाळूनच येते. बाहेर फेकणे जास्त झाले तर प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. पण जाळी लावली म्हणजे काम संपले असे नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी ती धुवून, पूर्ण वाळवून लावावी. तुंबलेली जाळी म्हणजे पुन्हा तीच बंद काच. आतली धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने पंखा भरमसाट फिरला तर त्याची बेअरिंग खराब होऊ शकते.

वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती अलीकडे बहुधा तळाशी असते. खाली जाळी असेल तर तिचा पंखा खाली तोंड करून बसवावा. ती आपली हवा खालून घेते आणि मागे सोडते. म्हणून कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीवर ठेवू नये, पाय मोकळे राहतील असे फळीवर ठेवावे. मागे भिंतीपासून निदान वीतभर अंतर असावे. मागून बंद असलेल्या टेबलाच्या कप्प्यात यंत्र ठेवले तर बाहेर टाकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढते. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्या आत वीज साठून राहते.

कूलरविषयीही सांगायला हवे. कूलरने खोली थंड झाली तर यंत्राचाही फायदाच आहे. मात्र कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्या हवेत ओल असते, आणि क्षारांचे पाणी असेल तर थेंबांबरोबर क्षारही येतात. झोत माणसांकडे, यंत्र बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी, अशी मांडणी ठेवावी. खिडकी बंद असेल तर यंत्राने बाहेर टाकलेले ३०० वॅट त्याच खोलीत जमा होत राहतात.

आवाजाची तक्रारही अनेक जण करतात. चार टाचण्यांच्या जोडाचा पंखा असेल तर बायोसमध्ये त्याचा वेग तापमानानुसार बांधून देता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज त्याहून कितीतरी अधिक कमी होतो. म्हणून एक पंखा गरगर फिरवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश चालवावेत. रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्यांना हा फरक मोठा वाटतो. विजेची काळजी नको. असा एक पंखा सहसा दोन-तीन वॅटच खातो.

बिचारा संगणक बनवणाराही या प्रश्नाशी झगडत आला आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये हवा खेळवायला वीजपुरवठ्याच्या पेटीतला एकच पंखा पुरत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची मांडणी आणली. तिच्या पहिल्या आराखड्यात वीजपुरवठ्याचा पंखा बाहेरची हवा आत, प्रोसेसरवर सोडील अशी कल्पना होती. पुढे ती दिशा उलटी करून पंखा बाहेर फेकणारा झाला. २००४ मध्ये समोरून मागे सरळ हवा नेणारी बीटीएक्स नावाची मांडणी आली, पण ती टिकली नाही. मोठमोठ्या अभियंत्यांनाही दिशा बदलून पाहावी लागली, तर आपण आपल्या घरी एक पंखा पुढचा मागे करून पाहण्यात संकोच कसला?

एक व्यावहारिक सूचना. नवे यंत्र घेताना दिव्यांपेक्षा समोरची जाळी पाहावी. समोर जाळी, मागे एक पंखा, आत वायरी बांधायला जागा, एवढे असेल तर साधे कॅबिनेट देखण्या काचेच्या कॅबिनेटपेक्षा आपल्याकडच्या उन्हात अधिक उपयोगी ठरते. बाजूची झडप उघडल्याने वॉरंटी जाते काय, हेही बिलावर लिहून घ्यावे. लिहून घेतलेले असले की पुढे वाद होत नाही.

आमची मुदतठेव शाबूत राहिली. त्या बांधकाम व्यावसायिकाने जूनमध्ये पुन्हा काम दिले. वस्तीतली दोन मुले आता आपापली कॅबिनेट घेऊन लेकीकडे येतात. ती त्यांना पंखा बदलून देत नाही. कागदाची पट्टी हातात देते आणि म्हणते, आधी हवा कुठून कुठे जाते ते सांगा. मुलांना राग येतो, पण उत्तर त्यांचे ती शोधून काढतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरी असे यंत्र असेल तर या रविवारी तासभर काढा. खोलीचे आणि यंत्राचे तापमान वहीत तारखेसह लिहून ठेवा. झडप बंद, झडप उघडी, असे दोन आकडे घ्या. मे महिन्यात कोणी महागडी वस्तू विकायला पुढे आला, तर ही वही त्याच्यासमोर ठेवता येईल. आणि घरात लेक असेल तर पेचकस आधी तिच्या हातात द्या.